थर

बोगोटात माझं काम भिंती बघायचं.
माणसांशी बोलू नये असा नियम नाही,
पण फॉर्मात त्यांना रकाना नाही.
रकाने दाराला, छपराला,
समोर फुटपाथ आहे का, असला तर किती रुंद,
उंबऱ्यापुढे फुलझाडं की चिखल.
खाली बेरीज, आणि घराला आकडा,
एक ते सहा.
इथे त्याला थर म्हणतात.

कल्पना वाईट नव्हती. शपथेवर सांगेन.
वरच्या थरांनी पाण्याचे चार पैसे जास्त द्यावेत,
उत्तरेकडच्या कारंज्यांनी
दक्षिणेकडच्या बादल्यांना हात द्यावा.
ज्याने हे लिहिलं
त्याने कधीतरी बादली उचलली असणार.

पण आकडा बिलावरून उतरला
आणि माणसांच्या अंगावर चढला.
नाचताना पोरगा विचारतो, तू कितवी?
आणि पोरगी शाळेचं सांगत नाही.
माझा येइसन दुसरीत आहे.
परवा म्हणाला, आई, आपण घरीपण दुसरेच ना?
मी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत राहिले,
बांधलेल्या होत्या तरी.

उबाल्दिना चिवाताचं घर
सिउदाद बोलिवारच्या पार वरच्या चढावर.
उघड्या विटा. पत्र्याचं दार, त्यालाही पोचे.
मी लिहिलं : गिलावा नाही.
ती म्हणाली, धाप लागलीय तुला, आत ये,
गुळाचं पाणी ठेवलंय.

आत गेले आणि पेन खिशात ठेवलं.
ओट्यामागे छतापर्यंत पांढऱ्या फरशा,
एकही तिरकी नाही.
अकरा वर्षं दुसऱ्यांच्या न्हाण्या घासून
एकेक खोका आणलेला, बसने, मांडीवर.
"मग बाहेर का असं?"
"बाहेर गिलाव्याचा एक थर दिला
की तुम्ही मला एक थर वर नेता.
सिमेंटला पैसे एकदाच लागतात, बाई.
पाण्याला दर महिन्याला."

पलंगाखाली डबा होता. फिरोजी रंग,
सहा वर्षांपूर्वी घेतलेला.
कधी कधी झाकण उघडून बघते म्हणाली.
नुसतं बघते.

त्याच आठवड्यात खाली, जुन्या शहरात,
कोरीव सज्जाची हवेली.
अंगणात दगडी कारंजं, पाण्यात लाल मासे.
मी बेरीज करायला घेतली तर
दोन बेलिसारिओ हसले :
"जतन केलेली वास्तू आहे, मुली. कलम वाच."
वाचलं. कलम होतं.
थर : एक.
माणसं कुठल्या थराला जातात
हे विचारायला मला कुठे रकाना होता?
मी सही घेतली. त्यांचं पेन फार छान चालत होतं.

आता म्हणे भिंती नकोत, मिळकत बघा.
तीन वर्षं फाइल फिरतेय,
एका टेबलावर चहाचा डाग, दुसऱ्यावर शेरा.
जाहीर सुनावणीला उबाल्दिना आली,
आठवड्याची एक रजा मोडून.
बोलायला तीन मिनिटं.
पहिलं मिनिट माईक खाली करण्यात गेलं.
मग म्हणाली,
"मला विचारा. किती कमावते ते सांगते, लपवायला आहे काय!
पण ज्याच्या न्हाणीत माझ्या घरापेक्षा जास्त दिवे आहेत
त्यालाही विचारा. त्याच फॉर्मवर. त्याच दिवशी."
मागून कुणीतरी टाळी वाजवली, एकच,
आणि थांबला.
घंटा वाजली तेव्हा ती नळाच्या दाबाबद्दल बोलत होती,
वाक्य अर्धं.

निकाल लागलेला नाही.
काल कामावरून परतताना तिच्याकडे चढून गेले,
फॉर्म न घेता.
तिने डबा ओढून काढला, चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं.
वर जाड साय धरली होती.
तिने बोटाने दाबून पाहिली :
खाली रंग अजून ओला.
"अजून किती दिवस?" तिने विचारलं.
माझ्याबद्दल विचारत होती, की रंगाबद्दल, की फाइलबद्दल,
कळलं नाही.
तिने झाकण लावलं
आणि दगडाने ठोकून, चारही बाजूंनी,
घट्ट बसवलं.