श्वास रोखा

चौतीस वर्षं मी एकच वाक्य बोलत आले
विल्यांदीच्या इस्पितळात, जाड काचेच्या आडून:
श्वास घ्या. रोखा. हं, सोडा आता.
शाळामास्तर, खाटीक, पाद्री, तळ्यावर होड्या भाड्याने देणारा,
सगळे कमरेपर्यंत उघडे, थंड प्लेटला छाती टेकवून
अंगावर काटा आलेले,
आणि सगळे कसे आज्ञाधारक.
मधल्या त्या दोन क्षणांत काय होतं
ते मी कुणाला विचारलं नाही.

आता गुडघ्यांवर असते मी, पहाटे पाचला, रानओव्याच्या वाफ्यात.
जुलै सरत आला तरी रात्र इथे नावालाच.
गुडघ्यांखाली शिशाचा जुना एप्रन,
चिरा पडल्या म्हणून मोडीत काढलेला, मागून घेतला होता.
तेव्हा किरणं अडवायचा,
आता दव अडवतो.

इतक्या जवळून पाहिलं की
नेमकेपणा नखाएवढाच उरतो.
मिशी धरली तर डोळा सुटतो,
डोळा धरला तर पंख धुक्यात.
माझी छाती हलली तरी गेलं सगळं.
म्हणून रोखते. मनात मोजते.
सातच्या पुढे कानात ढोल वाजू लागतात.
आपण लोकांना किती वेळ ताटकळत ठेवलं, या विचाराने
आठ.

एस्टोनियन भाषेत याला दिवसाचा मोरडोळा म्हणतात.
मिटलेला असला की जळक्या कागदाचा कपटा,
जणू कुणी पत्र जाळलं आणि
शेवटचा तुकडा देठावर विसरलं.

जूनमध्ये हा खाजोटीवर होता, काळा, काटेरी,
भावंडांच्या गर्दीत.
आर्वो कुंपणापलीकडून रोज म्हणायचा,
हेल्वे, तुझी खाजोटी माझ्या बटाट्यांत येते.
एका सकाळी विळाच घेऊन आला.
मी कॅमेऱ्याचा पडदा त्याच्या नाकासमोर धरला.
त्याने चष्मा शोधला, खिशात, मग डोक्यावर.
बराच वेळ पाहिलं. म्हणाला, सैतानाची पिल्लं.
मग त्याच्या बाजूची तेवढी कापली
आणि उरलेली माझ्याकडे वाकवून
सुतळीने बांधून टाकली,
उघड्या हातांनी.

आर्वोची प्लेट मीच काढली होती,
त्याची बायको गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात.
डावीकडे, वर, एक डाग.
आम्हाला बोलायची मुभा नसते.
डॉक्टर सांगतील, एवढंच म्हणायचं.
मी तेवढंही म्हटलं नाही. डागाकडे बघत राहिले,
आणि तो तिथे छाती फुगवून, लाल होत,
शेवटी स्वतःच म्हणाला: हेल्वे, मी घेऊ का श्वास?

डाग जुना निघाला. लहानपणीचा, भरून आलेला.
तीन आठवड्यांनी कळलं.
त्या तीन आठवड्यांत मी त्याला
चार वेळा बेदाण्याचा केक नेऊन दिला
आणि तो मला म्हणाला, तुला हल्ली झालंय तरी काय.

आज मोरडोळ्याने पंख उघडले.
एकदम नाही, ऊन लागलं तसे.
मधोमध कणा, दोन्ही बाजूंना पसरलेल्या शिरा,
आणि वरच्या कोपऱ्यात, डावीकडे,
तो डोळा.
हात सवयीने खिशात गेला,
डावं-उजवं लिहिलेली शिशाची अक्षरं शोधायला.

मग जाणवलं, मागे कुणीतरी आहे.
कॉफीचा वास. आणि त्यामागे काहीच नाही,
सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या नाकाची
नेहमीची शिट्टीसुद्धा नाही.
कुणी सांगितलं होतं याला?

चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो.
तरी तोंडून तेच निघालं,
काचेमागच्या बाईचं:
सोडा आता.

तो खोकला. फुलपाखरू उडालं.

फोटोत नुसता रानओवा आलाय.
पण छान आलाय,
देठावरची लवसुद्धा मोजता येते.