दाराची जागा

दिवसा तूरे नळजोडणी शिकायचा,
पाइप कुठे वाकवायचा, वाफ कुठून सोडायची.
रात्री वाकवायचा माणसांच्या वाटा.

जुना कॉम्प्युटर, घरघरणारा पंखा,
खिडकीबाहेर दुपारी दोनलाच अंधार,
आखात गोठलेलं,
लांब कुठे बर्फ फोडणारं जहाज कण्हतंय,
आणि पडद्यावर नुसते राखाडी खोके:
हा जिना, हा बोगदा, इथून उडी.
रंग नंतर, म्हणायचा.
आधी पायांना पटलं पाहिजे.

ते पाय माझे.
अकरा वर्षांची मी, त्याची पहिली खेळाडू, बिनपगारी,
फार तर एक दालचिनीचा पाव.
मी दर वेळी डावीकडे वळायचे.
त्यानं उजवीकडे दिवा लावला. मी डावीकडे.
उजवीकडे खजिना मांडला, चांगला चमचमता.
मी डावीकडे, भिंतीला नाक लावून
चालत राहिले, चालत राहिले,
आणि पडले जगाच्या फटीतून
खाली, जिथे काहीच बांधलेलं नव्हतं अशा निळ्यात.
“साइमी, तिकडे कोण जातं?”
“मी.”
त्यानं वहीत लिहिलं: साइमी जाते.
फट बुजवली. पुढच्या खेपेला
डावीकडच्या कोपऱ्यात एक खुर्ची होती,
कशाच्याच उपयोगाची नसलेली.

शिकवणारं कुणी नव्हतं.
एकदा टेप घेऊन त्यानं आमचं स्वयंपाकघर मोजलं,
इंच न् इंच तसंच बांधलं,
तर खेळात ते शवपेटीएवढं निघालं,
दारातून जाताना खांदे अडकायचे.
खरं माप तिथे खोटं पडतं.
मग दारं दीडपट, छत उंच,
आणि मग कुठे ते आमच्या घरासारखं वाटायला लागलं.

मार्चमध्ये तो कागदगिरणी बांधायला बसला.
बंद पडून दोन वर्षं झाली होती.
कुंपणाबाहेरून फोटो काढले,
आतलं सगळं अंदाजानं.
बाबांना विचारलं नाही.
आमच्या घरात गिरणीचा विषय म्हणजे बर्फाचे बूट,
दाराबाहेर काढून ठेवायचा.

बाबाच आले एका रात्री, कपबशी न्यायला,
आणि उभेच राहिले.
मग खुर्ची ओढली.
दोन बोटांनी, टाइप करतात तसं, चालायला लागले.
तूरेनं वाट दाखवायला लावलेले दिवे
त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत.
रुळांखालून, टाक्यांच्या मधून, तीन नंबरच्या यंत्राला वळसा,
एकदाही न थांबता,
आणि थेट एका भिंतीवर जाऊन आपटले.
मागे आले. पुन्हा आपटले.
“अडकलंय का हे?”
“भिंत आहे, बाबा.”
“इथे दार होतं.”

पंखा घरघरला.
तूरेनं वही ओढली. “पलीकडे काय होतं?”
“काही नाही. बाक. सिगारेटच्या थोटकांचा डबा. नदी.”
कप उचलून ते निघाले,
उंबऱ्यात थांबले.
“आवाज मागे राहायचा,” म्हणाले.

त्या एका वाक्यासाठी तो तीन आठवडे खपला.
दार करणं सोपं.
पण दार लागलं की बारा रोलर, पट्टे, वाफ, सगळं
एका क्षणात तुटायला हवं,
आणि तुटल्यावर उरेल ती नुसती शांतता नको,
तिथे नदी हवी, बर्फाखालून जाणारी.
यालमारीनं खेळून बघितलं, म्हणाला,
तिथे काहीच घडत नाही, काढून टाक.
तूरेचं ऐकून घ्यायचं एक तोंड असायचं, तसं करून
त्यानं ऐकून घेतलं.

मेमध्ये बाबांना पुन्हा बसवलं.
दारापाशी ते नीट पोचले, उघडलं,
बाकासमोर बराच वेळ
दोन्ही बोटं वर धरून बसले.
“दार जरा मोठंच झालंय.”
“तसंच ठेवावं लागतं,” तूरे म्हणाला.
“नाहीतर माणूस अडकतो.”