हिरवा टिकत नाही

नापो नदीच्या वरच्या अंगाला, ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत
पांढरी चादर ताणतो. जनरेटर दोनदा खोकतो, मग दिवा.
साडेसातला चिलटं. आठनंतर राखी, मातकट, तपकिरी पतंग.
हिरवे सगळ्यांत उशिरा येतात,
पानं उचलायच्या वेळेला पाहुणे यावेत तसे.

देल्फिना शिग्वांगो चादरीशी गुडघे टेकते.
हात लावत नाही. नुसती बघते.
"हा बसतो सपाट, पानावर पान चिकटल्यासारखा.
तो बसतो पुढची कड जराशी उचलून.
मेल्यावर दोघं सारखेच होतात,
म्हणून काय ते जिवंतपणीच विचारून घ्यायचं."

मी कीतोचा, डोंगरावरच्या थंडीतला, पदवीवाला.
तक्त्यात 'बसण्याची ढब' असा रकाना नाही.
मी समासात लिहितो.

प्रजाती एक. जाती अकरा.
गेल्या वर्षी नऊ होत्या, त्याआधी चौदा;
कुणीतरी दूर बसून जोडतं, कुणीतरी तोडतं,
आणि इथे चादरीवर कुणालाच त्याची वार्ता नाही.
पोपटी, शेवाळी, कच्च्या केळ्याचा, बाटलीच्या काचेचा...
एवढ्यावर माझे शब्द संपतात.
देल्फिनाला एकच झाड पुरतं:
ग्वायुसाचं कोवळं पान, ग्वायुसाचं जून पान,
ग्वायुसाचं उकळून निघालेलं पान.

तरी निकाल रंगावर लागत नाही.
पोटाचं टोक कापायचं, रात्रभर पोटॅशच्या पाण्यात ठेवायचं,
सकाळी सुईनं चरबी सोडवायची.
ग्लिसरीनच्या थेंबात मग तरंगतो एवढासा आकडा,
ज्याचा त्याचा वेगळा.
ओळख ओळख म्हणतात ती शेवटी कडी आणि कोयंडा.
पहिल्या महिन्यात मला लाज वाटायची.
आता घास चावता चावता बघतो.

मग जहाजातून गेलेल्या एका नमुन्याचा फोटो आला,
परदेशातल्या खणातला, सव्वाशे वर्षांचा,
ज्याच्यावरून त्या जातीला पहिलं नाव मिळालं.
पिवळट. फिकट. एक मिशी तुटलेली.
नावाचा अर्थ: वाळल्या गवताचा.
पुन्हा कुणालाच न दिसलेला, म्हणून यादीत
त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि थोडा आदर.

देल्फिनानं फोटो दिव्याखाली धरला.
"असा कधी आलाच नाही," म्हणाली. झोपायला गेली.

पहाटे चारला ग्वायुसा उकळत होती.
इथे त्या वेळी स्वप्नं सांगतात.
तिनं स्वप्न सांगितलं नाही, एक बरणी ठेवली माझ्यापुढे.
मी लपवलेली बरणी.
आठवड्यापूर्वी झाकण नीट न पुसता बंद केली होती,
आत दमट झालं, आणि हिरवा गेला.
मी तो पतंग ना फेकला ना नोंदवला.
"तुझा हलगर्जीपणा," ती म्हणाली, "फोटोशेजारी ठेव."

ठेवला. पंखावरची नागमोडी रेघ तीच. कडेचे ठिपके तेच.
दुपारी आकडाही तोच निघाला.
हरवलेला म्हणून ज्याला शोधत होते
तो रोज रात्री येत होता,
ग्वायुसाच्या कोवळ्या पानाच्या रंगात,
आमच्या यादीत सातव्या क्रमांकावर, दुसऱ्याच नावानं.

अकराच्या दहा झाल्या.
नियम असा की पहिलं नाव खरं,
मग ते ओल लागलेल्या बाटलीनं ठेवलेलं का असेना.
तर सगळ्यांत हिरवा तो
यापुढे कायम वाळल्या गवताचा.
मी बोटाएवढी चिठ्ठी लिहिली: ठिकाण, उंची, तारीख, कोणी धरला.
'कोणी ओळखला' पुढे दोन नावं लिहिली.
तिचं आधी. तिनं वाचलं नाही.

दिवा विझवल्यावरही ते चादरीवरच बसून राहतात, भुलल्यासारखे.
उजाडलं की पक्ष्यांची चंगळ.
म्हणून देल्फिना एकेकाला बोटावर घेते
आणि पानांच्या खालच्या बाजूला सोडून येते.

आज मी मागून गेलो, मोजायला.
बारा-तेरा पानं उलटून पाहिली.
त्यातलं एक उडालं.