उलटा के

अहवाल सकाळी नऊला जायचा आहे.
नाव : विल्किन पेगेरो. वय एकोणीस. उजवा.
दोनशे बारा वेळा बॅट घेऊन उभा राहिला.
सरासरी, शंभरातले तेवीस, वर थोडी चिल्लर.

मी लोरेटा ह्रुस्का. सव्वीस वर्षं
आयोवातल्या या गावात पोरांना बीजगणित शिकवलं,
आता नदीकाठच्या छोट्या मैदानात
चेंडूंचा हिशेब ठेवते, प्लेटमागे, तिसऱ्या रांगेत, मांडीवर वही.
यंत्रावर माझा विश्वास आहे,
पण जुलैत किडे आले की ते बंद पडतं.

आधी जमा.
आतल्या अंगाला आलेला वेगवान चेंडू
हा पोरगा सोडत नाही.
सहा भिंतीपलीकडे, त्यातला एक थेट मालगाडीच्या उघड्या डब्यात,
अजून नेब्रास्कात कुठेतरी फिरत असेल.
बॅटवरून चेंडू सुटतो तो ताशी एकशे आठ मैलांनी.
हे शिकवता येत नाही.
मी शिक्षिका होते, मला माहीत आहे.

आता खर्च.
खाली, बाहेर, शेवटच्या क्षणी पाठ फिरवणारा स्लायडर :
शंभरात त्रेचाळीस वेळा हा त्याच्यामागे जातो,
कुणी ओळखीचं दिसलं म्हणून रस्ता ओलांडावा
आणि तो भलताच निघावा, तसा.
चार बॉल सोडून मिळवलेले बेस : सबंध मोसमात चार.

विचारलं त्याला. दुसऱ्या बेसवरचा अनेउदी दुभाषा.
म्हणाला, मोंते क्रिस्तीत आम्ही झाडूच्या दांड्याने
पाण्याच्या जारची झाकणं मारायचो.
झाकण हवेत कुठेही वळतं.
नुसतं बघत राहिलं
तर मागचा पोरगा दांडा हिसकावून घेतो.
'मग थांबण्याला तिकडे काय म्हणतात?'
दोघे हसले.
'आउट,' अनेउदी म्हणाला.

शितावरून भाताची परीक्षा.
बरोबर, पण किती शितं?
वर्गात हे विचारलं की मागचा बाक खिडकीबाहेर बघायचा.
स्ट्राइकआउटचा अंदाज साठेक शितांत येतो,
सरासरीला नऊशेही कमी पडतात,
आणि आमच्याकडे पातेलं सप्टेंबरातच उतरवतात.
'वाट बघता येत नाही' असं त्याच्याविषयी लिहायचं.
मागवणाऱ्यांना तरी कुठे येते?

काल रात्री, आठवी इनिंग.
मिसिसिपीवरून मेफ्लाय उठल्या,
दिव्यांवर आदळून पायऱ्यांवर पडत राहिल्या,
एका रात्रीचं आयुष्य, पोरं फावड्याने लोटत होती.
बेस तिन्ही भरलेले. तीन बॉल, दोन स्ट्राइक.
पिचरने तोच टाकला. खाली. बाहेर.
विल्किनचा खांदा हलला,
कोपर निघालं,
मनगट

थांबलं.

चेंडू प्लेटपासून वीतभर लांबून गेला.
मी पाहिला. माझ्या चष्म्यावर किडा नव्हता.
अंपायरने डोळा पुसला आणि मूठ वर केली.

स्ट्राइकआउटला वहीत के लिहितात.
बॅट न फिरवता गेला, तर उलटा के.
लिहिला. हीच ती दोनशे बारावी वेळ.
टक्केवारी किंचित बिघडली.
तो भांडला नाही.
डगआउटच्या पायरीवर वळून
प्लेटच्या बाहेरच्या मातीकडे बघत राहिला,
हेल्मेटवर चार-पाच मेफ्लाय तशाच.

उलट्या के शेजारी मी पेन्सिलीने ठिपका दिला.
उत्तर चुकलं पण रीत बरोबर असली
की सव्वीस वर्षं असाच द्यायचे. अर्धा गुण.
या तक्त्यात ठिपक्याला रकाना नाही.

पावणेनऊ. कॉफीवर साय.
शेऱ्याच्या चौकटीत दोन ओळी मावतात.
पहिलीत लिहिते : स्लायडर, खाली-बाहेर, उपाय नाही.
मग शेवटचे दोन शब्द खोडते,
दुसरी ओळ सुरू करते,
आणि नऊ वाजतात.