दाढी

ऐलीनं आणलं होतं हे पिल्लू,
अर्धं पूडल, अर्धं श्नाउझर.
नाव पुल्ला,
तिच्या वेलदोड्याच्या गोड पावावरून.

आता ऐली नाही.
पुल्ला आहे, आणि पुल्लाची दाढी:
सकाळी लापशी, दुपारी बर्फ,
रात्री काय काय, देव जाणे.

केस गळत नाहीत याचे.
सोफा स्वच्छ, रेइनोचा काळा कोट स्वच्छ.
पण जे गळत नाही
ते कानामागे, काखेत गुंतत बसतं,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून दर सहा आठवड्यांनी
थंडर बेच्या त्या स्वयंपाकघरात
टेबलावर जुना टॉवेल,
शिवणाच्या डब्यातली तिची कात्री.
गाठ ओढायची नाही.
मुळाशी चिमटीत धरायची,
टोकाकडून सोडवत यायचं.
पुल्ला आधी गुरगुरतो, मग सुस्कारतो,
निवृत्त हेडमास्तरासारखा.

पोस्टमनवर मात्र रोज तुटून पडतो.
तिच्या नावाची विणकामाची मासिकं अजून येतात;
रेइनो पाकीट न फोडता
खिडकीत रचतो.

काल एका गाठीपाशी
त्याचा हात थांबला, बराच वेळ.
पुल्लानं ओली दाढी
मनगटावर टेकवली,
वाट पाहिली,
आणि बिस्किटांच्या डब्याकडे बघून
एकदाच भुंकला.