चाळीस मिनिटांची फेरी

फाटकाशीच पाटी: वाट सोपी, फेरी चाळीस मिनिटांची.
खाली बुटांसाठी ब्रश आणि औषधाचा फवारा,
बाहेरच्या मातीतला रोग
कौरीच्या मुळांना लागू नये म्हणून.

आईनं पाय पुढे केला.
एकतीस वर्षं ऑकलंडच्या कचेऱ्यांतल्या फरश्या
रात्रपाळीत पुसल्या तिनं;
आज नातू, फेलेती, गुडघ्यावर बसून
तिच्या बुटांचे तळ घासतोय,
जिभेचं टोक बाहेर काढून.
"टाचेकडे राहिलंय," आई म्हणाली,
अगदी मुकादमाच्या आवाजात.

चाळीस मिनिटं म्हणे!
वीस तर पहिल्या पुलावरच गेली.
मेलेला पाण्यात वाम दिसला,
मग दिसेना,
मग परत दिसेपर्यंत थांबणं आलं.
तोमासी खोका या हातातून त्या हातात घेत राहिला,
आणि एक पंखाशेपटा पक्षी
आमच्या पावलांनी उठलेली चिलटं टिपत
मागे मागे, पाहुण्यासारखा.

राखून ठेवलेल्या सहा नंबरच्या टेबलावर
कुणीतरी वाढदिवस मांडला होता.
भांडायला गेलेला तोमासी
केकचे पाच तुकडे घेऊन आला.
आम्ही उकडलेला तारो पाठवला,
नारळाच्या दुधासकट.
गवतावर चटई अंथरली.

जेवून आई तिथंच आडवी झाली.
दिवसाढवळ्या, चारचौघांत,
बुटांसकट.

पाचला फाटक बंद होतं.
पावणेपाचपर्यंत कुणी तिला हाक मारली नाही.
टाचेकडे जराशी माती होतीच.
फेलेतीनं पाहिली,
आणि गप्प बसला.