फाटकानंतरचा थांबा

शुक्रवारी रात्री कर्टिसच्या व्हॅनमधून
आम्ही एरीला पोहोचलो तेव्हा
हॉटेलच्या पार्किंगमध्ये एक मढं सिगारेट ओढत उभं होतं.
त्यानंच हात करून रिकामी जागा दाखवली.

हे आमचं अकरावं वर्ष.
लेन्का दातांच्या दवाखान्यात असते,
आमचे सुळे दरवर्षी तीच घडवते, मापं घेऊन.
बर्नी रात्रपाळीची नर्स. तिला कशाचंच भय वाटत नाही,
म्हणून येते बिचारी, एखादं तरी दचकवेल या आशेनं.
कर्टिस टायर विकतो.
मी ॲश्टब्यूलात शाळेची बस चालवते :
पन्नास पोरांच्या किंकाळ्या रोज फुकट,
आणि इथे साठ डॉलर मोजून विकतच्या.

शनिवारी मोठ्या हॉलमध्ये
रबरी मुंडकी दोरीवर टांगलेली, वाळत घातलेल्या मोज्यांसारखी.
शेजारी विमा एजंटांची परिषद.
कॉफीच्या रांगेत ते आणि आम्ही एक झालो.
डोक्यात कुऱ्हाड रुतलेल्या एका मुलीला
त्यांच्यातल्या एकानं अदबीनं आपलं कार्ड दिलं.

आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी ऑर्विल टेट.
गिरणीच्या तळघरातला, तोंड नसलेला.
दोन सिनेमे, एकही संवाद नाही.
सही चाळीस डॉलर, बोलणं नाही, फक्त मान हलवणं.
कर्टिसनं बाही सारून दंडावरचा गोंदलेला मुखवटा दाखवला.
म्हाताऱ्यानं त्यावरून एक बोट फिरवलं,
भिंतीचा रंग वाळलाय का बघावं तसं.

रात्री साडेअकराला लिफ्ट
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली.
दिवा गेला, आला, तोही अर्धामुर्धा.
आम्हाला वाटलं, कार्यक्रमातच आहे.
कर्टिसनं एक रीतसर किंकाळी ठोकली,
लेन्का टाळ्या वाजवत होती,
तेव्हा कोपऱ्यातला पाचवा माणूस
भिंतीला पाठ घासत खाली बसला.
स्वेटर. हातात रुमालात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं.

आणि तो बोलला.
ज्याच्या मुक्या पावलांना आम्ही तीस वर्षं भ्यालो
त्याचा आवाज बारीक, जरासा तोतरा :
"बोला कुणीतरी. का-काहीही. थांबू नका."

कुणाला काही सुचेना.
भुतांबद्दल अख्खी रात्र बोलणारे आम्ही!
मग मी माझ्या बसचे थांबे म्हणू लागले.
तळ्याकडचं वळण. पिवळं घर, तिथे जुळ्या चढतात.
बंद पडलेली बेकरी.
मग रेल्वेफाटक : तिथे बस थांबवायची,
दार उघडायचं, पोरांना गप्प करायचं
आणि कान द्यायचा, गाडी येतेय का.

बर्नीनं त्याची नाडी धरली होती.
तिलाच त्यानं सांगितलं, हळूच,
मुखवट्याच्या मापासाठी चेहऱ्यावर प्लास्टर ओतलं होतं,
नाकात दोन नळ्या.
आणि मंडळी जेवायला गेली.
"मला ऐकू येत होतं," तो म्हणाला,
"काटेचमचे. कुणाचा तरी विनोद."

मी फाटकाशीच होते तेव्हा लिफ्टनं आचका दिला.
दार उघडलं. समोर दोन विमा एजंट, बर्फाची बादली घेऊन.

खोलीत बर्नी बाथटबच्या काठावर बसून राहिली.
"हात बघ माझे," म्हणाली.
थरथरत होते.
अकरा वर्षांनी. आम्ही कुणी हसलो नाही,
आणि दिवा चालूच ठेवून झोपलो.

रविवारी लाल झालेल्या टॉवेलांचा दंड भरला, वीस डॉलर.
सामान ओढत हॉलमधून निघालो
तर टेबलाशी तोच, तसाच मुका, पुढे लांब रांग.
मला पाहून त्यानं पेन खाली ठेवलं.
वाकून, सगळ्या रांगेदेखत विचारलं :
"फाटकानंतर कोण चढतं?"

एमेट, मी म्हटलं. रोज उशीर करतो.
एका पायात बूट, दुसरा हातात.
त्याच्यासाठी मी हॉर्न वाजवत नाही, नुसती थांबते.

त्यानं मान हलवली,
आणि पुढच्याचा फोटो ओढून घेतला.